देवाच्या गादीतला कापूस

सत्यवान पेडणेकर जगातल्या माणसांचे दोनच वर्ग मानायचा. एक कापूस ओळखणारे आणि दुसरे न ओळखणारे. पहिल्या वर्गात तो स्वतः आणि त्याचे वारलेले वडील, आबा, एवढे दोघेच होते. बाकी सगळी दुनिया, त्यात तालुक्याचे डॉक्टर-वकील आले, बायको शेवंती आली, ती सगळी दुसऱ्या वर्गात. ह्या दुसऱ्या वर्गाशी रोज बोलावं लागतं, आणि वर त्यांच्या सोफ्यांत आणि खुर्च्यांत भरावा भरून द्यावा लागतो, ह्याचा त्याला मनापासून कंटाळा होता.

मालवणात भरडावर त्याचं गाद्या-सोफ्यांचं दुकान. गिऱ्हाईक यायचं, एका बोटानं खुर्ची दाबून बघायचं आणि मान हलवायचं. सत्यवान हात बांधून उभा राहायचा. बोटानं काय कळणार ह्यांना? आंबा पिकलाय का, ते बघताहेत जणू. मग गिऱ्हाईक विचारायचं, "मिक्स नाही का तुमच्याकडे?" झालं. तिथून पुढचा अर्धा तास त्या माणसाचं काही खरं नसायचं.

मिक्स म्हणजे कापसात पॉलिएस्टरचे तंतू मिसळून केलेला भरावा. त्याचे पांढरेशुभ्र गुंडाळे मुंबईहून यायचे. सत्यवान त्याला ‘बाहुलीचे केस’ म्हणायचा. तारकर्लीचा एक लॉजवाला एकदा आला आणि म्हणाला, पर्यटक समुद्रातून येऊन ओल्या कपड्यांनी सोफ्यावर बसतात, कापूस कुबट होतो, मिक्स भरून द्या. सत्यवाननं त्याला ऐकवलं, "मगे सोफो कित्याक होयो तुका? फळी ठेय. फळी पुसली की सुकली." लॉजवाला कुडाळला दुसऱ्याकडे गेला. त्या दिवशी सत्यवान जेवताना दोन घास जास्तच जेवला.

धंदा असा कमी होत असला तरी एक गोष्ट त्याच्यापाशी होती आणि ती कुडाळच्या कुठल्याही दुकानदारापाशी नव्हती. माडवळ हे त्याचं मूळ गाव. तिथल्या रवळनाथाच्या पालखीतली गादी पेडणेकरांच्या घरातूनच जायची. पैसा मिळत नसे. गादी अर्पण झाली की सभामंडपात सगळ्या गावासमोर नाव घेऊन हाक व्हायची, "पेडणेकर, नारळ घेवा." एवढंच. पण त्या हाकेवर सत्यवाननं आपला सगळा ताठा उभा केला होता. ती हाक गेली असती तर तो भरडावरचा एक खुर्च्या दुरुस्त करणारा माणूस उरला असता, आणि हे त्यालाही आतून ठाऊक होतं.

आता ती हाक जायची वेळ आली होती. गावच्या मुंबई मंडळानं देवाला नवी पालखी दिली, चांदीच्या पत्र्याची, जुनीपेक्षा ऐसपैस. जुनी गादी तिला पुरेना. मंडळानं कळवलं की नव्या पालखीत मिक्स भरलेली गादी घालावी आणि ती मुंबईहून तयारच यावी. शिवरात्रीला देव समुद्रस्नानाला निघायचा होता, त्याआधी निर्णय हवा म्हणून गावानं देवळात सभा बोलावली.

मंडळातर्फे केयूर सावंत आला. तिशीतला पोरगा, पायात पांढरे बूट, लालबागला बापाचं सोफ्याच्या सामानाचं दुकान होतं ते आता हा चालवायचा. त्यानं प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत दोन नमुने आणले होते. सत्यवाननं त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं आणि मनातल्या मनात दुसऱ्या वर्गात टाकलं.

"हा शुद्ध कापूस, हा मिक्स," केयूर म्हणाला. "देव समुद्रावर जातो, पालखीवर लाटा येतात. कापसात खारं पाणी गेलं की ते निघत नाही. मीठ पुन्हा ओल धरतं. मिक्स संध्याकाळपर्यंत सुकतं. म्हणजे, हे मी नव्यानं सांगतोय असं नाही." बोलताना तो सारखा सत्यवानकडे बघत होता, तिकडून दुजोरा येईल अशा बेतानं.

तिकडून आलं ते वेगळंच. "देवाक प्लास्टिकार बसवतलंस?" सत्यवान म्हणाला. "मगे नारळ पण प्लास्टिकचो आण. फुटूचो पण नाय, कुजूचो पण नाय. दरवर्षी तोच वापरूया."

लोक हसले. केयूर गोंधळला. त्याला वाईट वाटलं की काय, हे बघायची सत्यवानला गरज वाटली नाही.

"आमच्या आबांनी भरलेली गादी आज इतकी वर्षां देव वापरता," सत्यवाननं आवाज चढवला. "आदी दर दोन-तीन वर्षांनी बदलूक लागा. आबांनी भरली ती अजून तशीच आसा. ह्याका हात लागता. मशीनचा काम न्हय ता."

सभेत दोन तट पडले. मुंबईत ज्यांची पोरं होती ते मिक्सच्या बाजूनं, उरलेले कापसाच्या. ह्या उभ्या सभेत कापूस आणि मिक्स शेजारी ठेवले तर ओळखणारा एक माणूस नव्हता, पण मतं मात्र प्रत्येकाला होती आणि ती कडक होती. शेवटी गणपत परब खाकरले. परब गावचे पहिले मानकरी. ह्या गृहस्थांना घरी चतुर्थीला भाजी कुठली करावी हेसुद्धा देवाला विचारल्याशिवाय ठरवता येत नसे.

"वाद कित्याक?" परब म्हणाले. "ज्येका बसूचा आसा तेकाच इचारूया."

म्हणजे कौल लावायचा. सदानंद गुरवानं आंघोळ केली, ओलेत्यानं फुलाच्या पाकळ्या आणल्या आणि देवाच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर पाणी लावून चिकटवल्या. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. परबांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा रवळनाथा म्हाराजा, तुज्या आसनाचो इषय तुज्या पायांकडे ठेवलेलो आसा. कापूसच होयो असात तर उजवी दी."

"व्हय म्हाराजा," सगळी सभा म्हणाली.

पाकळ्या काही हलेनात. बाहेर एक कुत्रा भुंकला, कोणीतरी त्याला हाकललं. आणि मग उजवी पाकळी घरंगळून खाली आली. सत्यवानच्या छातीत असं काही भरून आलं की क्षणभर तो देवाच्या पाया पडायचंही विसरला. देव पहिल्या वर्गात निघाला होता. आता तिघे झाले.

इथं तो थांबला असता तर निभावलं असतं. पण जिंकल्यावर थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. केयूर बिचारा नमुन्यांच्या पिशव्या आवरून बॅगेत भरत होता, ते सत्यवानला पुरेसं वाटेना. रीत अशी होती की जुन्या गादीचा भरावा देवळातच काढायचा आणि भरतीच्या पाण्यात सोडायचा. ते काम पेडणेकरांच्या घरचे दोघे-तिघे मिळून सावकाश उरकत. सत्यवान म्हणाला, आत्ताच करूया, सगळ्यांसमोर.

"ह्या मुंबयवाल्याक बघूंदे," तो म्हणाला, "खरो कापूस इतक्या वर्षांनी कसो दिसता तो."

गुरवानं आतून गादी आणली. वरची लाल मखमल विटली होती, कोपऱ्यांवर झिजून पांढुरकी झाली होती. सत्यवान मांडी घालून बसला. त्यानं मखमल उसवली, आतलं मांजरपाटाचं अस्तर उसवलं, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि हात आत घातला.

हात आत गेला तसा त्याला कळलं. डोळ्यांनी बघायची गरजच पडली नाही. बोटांना कापसाची ती चिकट, जड पकड लागलीच नाही. जे लागलं ते निसरडं होतं, हलकं होतं, दाबलं तर पुन्हा उठत होतं. त्यानं पुन्हा चाचपलं, आणखी आत, तळापर्यंत. तळालाही तेच. आबांनी, त्याच्या आबांनी, देवाच्या गादीत बाहुलीचे केस भरले होते.

"काढ रे भायर," परब म्हणाले.

सत्यवाननं मूठभर बाहेर काढलं. त्याला वाटलं, आता संपलं. आता हा लालबागचा पोरगा एका शब्दात सगळं मोडून टाकणार आणि पेडणेकरांची हाक इथेच, ह्या फरशीवर, कायमची बंद होणार.

"वा!" परब म्हणाले. त्यांनी तो झुबका हातात घेतला, चोळला, नाकाला लावला. "ह्येका म्हणतत कापूस. बघा, बघा. इतकी वर्षां होऊन कसो पांढरो आसा."

मग तो झुबका हातोहात फिरला. एकेकानं बोटांत धरून बघितला, एकेकानं मान डोलवली. ज्यांना मघापर्यंत मिक्स हवं होतं तेही म्हणाले, शेवटी अस्सल ते अस्सल. एका म्हाताऱ्यानं तर डोळे पुसले आणि आता असा कापूस पिकतच नाही म्हणून हळहळला. सत्यवाननं आयुष्यभर ह्या लोकांना अडाणी म्हटलं होतं, पण ते इतके अडाणी असतील हे त्यालाही वाटलं नव्हतं. त्याला हसू येत होतं.

केयूरच्या हातात झुबका आला. त्यानं तो दोन बोटांत ओढून बघितला, सत्यवानकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढच्याच्या हातात दिला.

एवढ्यावर भागलं असतं तरी चालण्यासारखं होतं. पण सदानंद गुरवाला भक्ती सुचली. दिवेलागणीची वेळ झाली होती. तो म्हणाला, "देवाच्या आसनाचो कापूस समुद्रात सोडूचो तो सोडूया. पण एक वात तरी लावया त्येची. देवाचा देवाक."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. ह्यांना काहीही सांगा, ते व्हय म्हाराजाच म्हणणार.

सत्यवानला पुढचं सगळं दिसलं. कापूस जळतो आणि त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळतं. त्याला धूर सुटतो, वास सुटतो. हे ओळखायला कापसातलं काही कळावं लागत नाही, नुसतं नाक लागतं. ‘वात करू नकात’ एवढेच शब्द बोलायचे होते. ते बोलले तर का नको, हे सांगावं लागलं असतं. तो उसवलेल्या मखमलीवर हात ठेवून नुसता बसून राहिला आणि गुरव मांडीवर वात वळताना बघत राहिला.

वात वळताना नीट पीळ धरेना, तेव्हा गुरवानं थुंकी न लावता कशीबशी तेलात बुडवून तिला आकार दिला आणि समईत ठेवली. काडी लावली. आधी तेल पेटलं, ज्योत छान उभी राहिली, लोकांनी हात जोडले. मग ज्योत तडतडली. वात आखडत आखडत मागे सरली, काळ्या धुराची शेंडी वर गेली, आणि गाभाऱ्यात एक घाण वास पसरला. समईच्या ओठावरून काळा चिकट थेंब खाली पडला. ज्योत विझली.

सत्यवाननं डोळे मिटून घेतले.

"सदानंदा," परबांचा आवाज आला, "देवाच्या आसनाक आग लावलंस तू. देवाक सोसला नाय ता."

"खाऱ्या पाण्यातलो कापूस तो," दुसरा म्हणाला, "तडतडतलोच."

"वात उलटी वळलंस काय रे?" तिसरा.

पाच मिनिटांत गावानं सगळा उलगडा करून टाकला. देवाच्या बैठकीची वात करणं हीच चूक, ती देवानं तिथल्या तिथे दर्शवून दिली, म्हणजे देव जागृत आहे, म्हणजे गादी अस्सल होती. गुरवानं कान पकडले, एक नारळ ठेवला. नाकासमोर जळलं तरी त्यांना दिसलं नाही. परब उठले आणि म्हणाले, "पेडणेकर, नवी गादी तुमच्याच घरातली. कापसाची." सगळ्या गावासमोर नावानं हाक झाली. सत्यवाननं मान खाली घालून हात जोडले. ज्या हाकेसाठी तो एवढा भांडला होता ती त्याला मिळाली, आणि त्याला तिची शिसारी आली.

भरावा समुद्रात सोडून लोक पांगले तेव्हा त्यानं दीपमाळेपाशी केयूरला गाठलं. आता हा पोरगा आपल्याला काय काय बोलेल ते त्यानं वाटेतच मनात मोजलं होतं. त्याच्या जागी तो स्वतः असता तर त्यानं सोडलं नसतं.

"तुका कळला मा?" सत्यवान म्हणाला.

"हो, काका."

"मगे सभेत बोललंस कित्याक नाय?"

केयूरनं बॅग ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मला वाटलं होतं तुम्हाला ठाऊकच असेल. आबा स्वतः लालबागला आमच्या दुकानात आले होते, बाबांकडून मिक्स घेऊन गेले. म्हणून तर मी मिक्सच सुचवलं. तुमचीच पद्धत आहे, तुम्ही हो म्हणाल असं वाटलं. आत तुम्ही हात घातलात तेव्हा तुमचा चेहरा बघितला. मग माझ्याच्यानं बोलवलं नाही."

पोरानं त्याची कीव केली होती. शिवी दिली असती तर त्यानं उलट दोन दिल्या असत्या.

"मिक्सचा गुंडाळा पाठवू का?" केयूरनं हळूच विचारलं. "कोणाला सांगणार नाही."

सत्यवान एसटीच्या थांब्याकडे चालायला लागला.

घरी शेवंती पडवीत सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसली होती. त्यानं पायांवर पाणी घेतलं, खांबाला टेकून बसला. मग म्हणाला, "लालबागसून मिक्स मागवतंय. देवाच्या गादयेक."

शेवंतीनं वर पाहिलं नाही. "कौल कापसाचो झालो म्हणा तुमचो. बाजारात ऐकलंय."

"झालो. पण कापूस घातलंय तर शिवरात्रीक भिजतलो आणि पावसाआदी कुजतलो. मिक्सार देव इतकी वर्षां बसलेलो आसा. आबांनी मिक्स भरलेलो, शेवंती. सगळो."

"म्हायत आसा माका," ती म्हणाली.

"तुका?"

"मांजरपाटाचो दुसरो पदर कोण धरून होता मगे? तुमी तेव्हा कणकवलीक गेल्लात, लग्नाक. आबा म्हणाले, तो येवच्या आत शिवून टाकूया."

सत्यवानला राग यावा असं वाटत होतं, पण राग येईना. त्या गादीनंतर आबा चांगली सात-आठ वर्षं जगले. रोज सकाळी दुकानात यायचे, दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. मिक्स मागणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सत्यवाननं त्यांच्या देखतच सोलून काढलं होतं. बाहुलीचे केस, देवाधर्माची लाज नसलेले, हातात कसब नाही म्हणून मशीनचा भरावा भरणारे. आपण बोललेला एकेक शब्द त्याला आठवायला लागला. म्हातारा ऐकून घ्यायचा आणि सुतळीचा गुंता सोडवत बसायचा. सत्यवानला वाटायचं, आपल्या बोलण्यावर बाप मनातून खूश आहे.

"माका सांगूक कित्याक नाय?" तो म्हणाला. "तू तरी सांगूचा होता."

शेवंतीनं सुंगटांचं भांडं बाजूला सारलं आणि आता त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मी म्हटलंय आबांका, एकदा सांगून मोकळे व्हा. तर ते म्हणाले, ‘नको गो. तो लोकांका कसो बोलता ता मी रोज ऐकतंय. माका तसा बोललो, तर ह्या वयात मी खंय जाव?’"